ब्लॉकचेनवरील प्रमाणपत्र-पडताळणी : वेब-इंटरफेसची उभारणी आणि रोजची देखभाल

मुळाकाठ (धागाकर्ता)

पुण्यातील एका तांत्रिक प्रशिक्षण संस्थेची प्रमाणपत्र-पडताळणीची व्यवस्था आम्ही काही जण मिळून चालवतो. तिच्या वेब-इंटरफेसबद्दल सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. ब्लॉकचेनवर मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक नाण्यांच्या भावाभोवती फिरते. एखादे ॲप उभे करून ते वर्षानुवर्षे चालते ठेवायचे तर काय करावे लागते, यावर क्वचितच कोणी लिहिते.

व्यवस्थेचे स्वरूप असे आहे. संस्था वेल्डिंग, सीएनसी यंत्र चालवणे, विद्युत-जोडणी अशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे देते. तुकडीचा निकाल लागला की सर्व प्रमाणपत्रांचे हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे; मजकूर जरा बदलला तरी ठसा बदलतो) एका मर्कल वृक्षात (जोडी-जोडीने हॅश घेत शेवटी एकच हॅश उरवणाऱ्या मांडणीत) मांडले जातात आणि त्या वृक्षाचे ३२ बाइटचे मूळ, म्हणजे तो शेवटचा हॅश, पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवरील (पुढे ‘साखळी’) कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रामात, एकाच व्यवहाराने नोंदवले जाते. पुढे चाकण, रांजणगाव किंवा तळेगावच्या एखाद्या कारखान्याचा मनुष्यबळ विभाग उमेदवाराचे प्रमाणपत्र आमच्या पानावर तपासून पाहतो. कल्पना आमची नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीच्या प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉनवर होऊ लागली होती, आणि केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘विश्वस्य’ या ब्लॉकचेन-मंचाची यंत्रणा एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या ज्या तीन डेटा सेंटरांत आहे, त्यांत भुवनेश्वर व हैदराबादबरोबर पुणेही आहे.

माझे म्हणणे एकच आहे आणि ते आग्रहाने मांडतो. अशा प्रकल्पांत कॉन्ट्रॅक्टचे लेखापरीक्षण होते, त्यावर पैसा खर्च होतो, आणि वेब-इंटरफेस मात्र ‘एक पान तर आहे’ म्हणून सर्वांत नव्या माणसाच्या हाती दिला जातो. वापरणाऱ्याला कॉन्ट्रॅक्ट कधीच दिसत नाही. त्याला दिसते ते पान. पान खोटे बोलले तर साखळीवरचे सत्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

गेल्या काही वर्षांतील मोठ्या चोऱ्या पाहिल्या तरी हे पटते. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो-सेवेचे कॉन्ट्रॅक्ट शाबूत होते. हल्लेखोरांनी क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळे पुरवणाऱ्या सेवेच्या एका एपीआय किल्लीच्या (प्रोग्रामला प्रवेश देणाऱ्या गुप्त अक्षरमालेच्या) आधारे पानात स्क्रिप्ट घुसवली, ती लोकांकडून टोकन खर्च करण्याची परवानगी मागत राहिली आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्व्ह फायनान्स या क्रिप्टो-सेवेचे डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) वळवण्यात आले. १४ डिसेंबर २०२३ रोजी वॉलेट (सहीच्या किल्ल्या सांभाळणारे साधन) बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याचे एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजांचे भांडार) खाते फसवून मिळवले गेले आणि संकेतस्थळाला वॉलेट जोडणाऱ्या कनेक्ट किटची दूषित आवृत्ती काही तास असंख्य संकेतस्थळांवर चालली. ते किट सीडीएनवरून (बाहेरच्या सामाईक फाइल-सर्व्हरवरून) थेट येत असल्यामुळे त्या संकेतस्थळांनी स्वतःच्या कोडमध्ये काहीही बदललेले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो-बाजाराचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही सेफ या वॉलेटच्या वेब-इंटरफेसमधील जावास्क्रिप्ट बदलली गेल्यामुळे. सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता.

आता उभारणीकडे वळतो. आमच्या इंटरफेसला दोन दारे आहेत आणि ती वेगवेगळ्या उपडोमेनवर आहेत. पडताळणीच्या दारावर वॉलेटचा संबंधच येत नाही. तिथे फक्त वाचन होते, आणि ‘ईथ-कॉल’ने (साखळीला नुसते विचारणाऱ्या आज्ञेने) वाचायला ना सही लागते, ना गॅस म्हणजे व्यवहाराचे शुल्क. तरीही पान उघडताक्षणी ‘वॉलेट जोडा’ म्हणणारी अनेक पडताळणी-संकेतस्थळे मी पाहिली आहेत. ज्याला फक्त प्रमाणपत्र तपासायचे आहे त्याच्यापुढे मेटामास्क हे वॉलेट उभे करणे म्हणजे त्याला परत पाठवणेच होय. वॉलेट लागते ते प्रमाणपत्रे नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणून ते दुसऱ्या दारावर आहे.

नोंदणीच्या दारावर ईआयपी-११९३ या ठरलेल्या मानकाप्रमाणे ब्राउझरमधील वॉलेटशी बोलणे होते आणि एकाहून अधिक वॉलेटे असतील तर ईआयपी-६९६३ ने ती ओळखली जातात. साखळीचा क्रमांक १३७ (पॉलिगॉनचा) आहे की नाही, हे प्रत्येक व्यवहारापूर्वी तपासावे. केवळ पान उघडताना तपासून भागत नाही, कारण अधिकारी मधल्या वेळेत दुसरे जाळे निवडू शकतो. वॉलेटने ४९०२ ही त्रुटी दिली तर जाळे त्यात नोंदलेलेच नाही, असा अर्थ होतो, आणि ४००१ दिली तर माणसाने स्वतः नकार दिला आहे. त्या वेळी लाल अक्षरांत ‘बिघाड’ असे दाखवू नये. सरावासाठी अमॉय हे टेस्टनेट वापरावे, त्याचा क्रमांक ८०००२ आहे. जुन्या मार्गदर्शिकांत ‘मुंबई’ टेस्टनेटचा उल्लेख सापडेल. ते एप्रिल २०२४ मध्येच बंद झाले.

बाकी मांडणी साधी आहे. बांधलेल्या स्थिर फाइली एनजिनएक्स या वेब-सर्व्हरवर ठेवल्या आहेत. ज्यांच्या नावातच हॅश आहे त्या फाइली ब्राउझरने कायम साठवून ठेवाव्यात आणि मुख्य पान मात्र दर वेळी सर्व्हरला विचारूनच दाखवावे, असे कॅशेचे नियम आहेत; नाहीतर नवी आवृत्ती चढवल्यावरही लोक जुनेच पान पाहत राहतात. बाहेरच्या कोणत्याही स्थळावरून स्क्रिप्ट येत नाही, फॉन्टसुद्धा आपल्याच सर्व्हरवर आहेत, आणि मजकूर-सुरक्षा धोरणात ज्या आरपीसी पत्त्यांशी (साखळीची माहिती देणाऱ्या सर्व्हरांशी) बोलण्याची परवानगी आहे तेवढेच लिहिलेले आहेत.

ग्रंथपाल

अत्यंत उपयुक्त धागा. एक मूलभूत शंका आहे आणि ती विरोधासाठी विचारत नाही. प्रमाणपत्रे संस्थाच देते आणि नोंदीही संस्थाच करते. मग पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक तक्ता आणि त्यावर एक शोध-पान एवढ्याने काम झाले नसते का?

मुळाकाठ

ग्रंथपाल, संस्था कायम राहणार असेल तर आपण म्हणता तो तक्ता पुरेसा आहे आणि मी तोच सुचवेन. खासगी प्रशिक्षण संस्था मात्र बंद पडतात, विकल्या जातात, त्यांची संकेतस्थळे नाहीशी होतात, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाने मेहनतीने मिळवलेले प्रमाणपत्र पडताळायला कोणी उरत नाही. नोंद संस्थेपेक्षा जास्त काळ टिकावी, एवढ्याचसाठी ही साखळी आहे. मागील तारखेची नोंद आज कोणालाही घुसवता येत नाही, हा दुसरा लाभ.

मात्र यातून एक जबाबदारी येते. नोंद टिकली आणि ती वाचणारे पान संस्थेबरोबर गेले, तर मिळवले काय? म्हणून पडताळणीचे संपूर्ण पान एकाच एचटीएमएल फाइलमध्येही उपलब्ध केले आहे. ती फाइल कोणीही उतरवून आपल्या संगणकावर ठेवावी. कोणतीही पॉलिगॉन आरपीसी तिला दिली की ती चालते. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रमाणपत्राबरोबर त्याचा मर्कल पुरावाही (त्याच्या हॅशपासून मुळापर्यंतचे मधले हॅश) दिला जातो, त्यामुळे आमच्या सर्व्हरची गरजच उरत नाही.

चाकणची वाट

मी एका कारखान्याच्या माहिती-तंत्रज्ञान विभागात काम करतो. आमच्याकडील फायरवॉल ‘क्रिप्टोकरन्सी’ या वर्गातील सर्व पत्ते अडवते, त्यांत बहुतेक सार्वजनिक आरपीसी येतात. अशा जागी आपले पडताळणीचे पान उघडेल, पण उत्तर येणार नाही. मनुष्यबळ विभागातील माणूस त्यावरून ‘प्रमाणपत्र खोटे’ असा निष्कर्ष काढील, ही मला खरी भीती वाटते.

मुळाकाठ

आपली भीती रास्त आहे. आम्हाला याच पट्ट्यातील एका कंपनीकडून नेमकी हीच तक्रार आली होती. त्यानंतर दोन गोष्टी ठरवल्या.

पहिली, उत्तराच्या तीन अवस्था कायम वेगळ्या ठेवायच्या : नोंद सापडली, नोंद नाही, आणि तपासता आले नाही. तिसऱ्या अवस्थेत पानावर लाल किंवा हिरवा कोणताच रंग येत नाही. ‘या संगणकावरून साखळीशी संपर्क होऊ शकला नाही, प्रमाणपत्राबद्दल यावरून काहीही ठरत नाही. मोबाइलच्या इंटरनेटवर पुन्हा तपासावे’ एवढे स्पष्ट वाक्य येते. अनेक ॲपमध्ये त्रुटी गिळून रिकामे उत्तर दाखवले जाते. पडताळणीच्या कामात त्याचा अर्थ एखाद्या निर्दोष उमेदवाराची नोकरी जाणे असा होऊ शकतो.

दुसरी, आरपीसीची विनंती आमच्याच डोमेनवरील एका मध्यस्थ पत्त्यामार्फत पाठवायची. फायरवॉल तो पत्ता अडवत नाही आणि सेवा-पुरवठादाराची किल्लीही ब्राउझरपर्यंत पोहोचत नाही. ज्यांना हे नवे आहे त्यांच्यासाठी सांगतो : पान बांधण्याचे व्हीट हे साधन वापरताना ‘व्हीट’ या उपसर्गाने सुरू होणारे पर्यावरण-चल (बांधणीला बाहेरून दिलेली मूल्ये) थेट बांधलेल्या जावास्क्रिप्टमध्ये जातात, त्यांत ठेवलेली किल्ली गुप्त राहत नाही, ती कोणालाही वाचता येते. मध्यस्थावर फक्त आम्हाला लागणाऱ्या तीन-चार पद्धती चालतात, बाकी सर्व नाकारल्या जातात, आणि एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांना मर्यादा आहे.

तळजाई

पण मग पडताळणी पुन्हा तुमच्याच सर्व्हरवरील विश्वासावर आली. मध्यस्थाने ‘होय, नोंद आहे’ असे खोटे उत्तर दिले तर ब्राउझरला काय कळणार? ब्लॉकचेनचा हेतूच तिथे संपतो.

मुळाकाठ

तळजाई, हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की त्याचे पूर्ण समाधान झाले आहे, असा दावा मी करणार नाही. सध्या पान एकाच वेळी दोन ठिकाणी विचारते : आमच्या मध्यस्थाला आणि आमच्याशी संबंध नसलेल्या एका सार्वजनिक नोडला (साखळीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरला). दोन्ही उत्तरे जुळली तरच हिरवा निकाल येतो. एकच उत्तर आले तर निकालाखाली ‘केवळ संस्थेच्या सर्व्हरवरून तपासले’ अशी ओळ येते, आणि उत्तरे जुळली नाहीत तर पान निकाल देण्यास नकार देते. ज्याला याहून अधिक खात्री हवी त्याच्यासाठी ती सुटी एचटीएमएल फाइल आहे.

मला याहून मोठा वाटणारा धोका वेगळाच आहे. प्रमाणपत्रावरील क्यूआर कोड पडताळणीच्या पानाकडे नेतो. खोटे प्रमाणपत्र छापणाऱ्याला आमचे कॉन्ट्रॅक्ट फोडण्याची गरजच काय? तो आमच्यासारखेच दिसणारे डोमेन घेईल, आमचे पान जसेच्या तसे उतरवील, आणि आपल्या क्यूआर कोडने तिकडे नेईल; तिथे प्रत्येक प्रमाणपत्र वैध ठरेल. म्हणून कंपन्यांना आम्ही लेखी कळवले आहे की क्यूआर कोड फोनच्या कॅमेऱ्याने उघडू नये. पडताळणीचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि त्या पानावरील स्कॅनरनेच कोड वाचावा. आमचे पान कोडमधून फक्त प्रमाणपत्राची माहिती उचलते, त्यातील संकेतस्थळाचा पत्ता संस्थेचा नसेल तर थांबते आणि तसे सांगते.

ग्रंथपाल

हॅश नेमका कशाचा घेता? पीडीएफ फाइलचा की नाव, अभ्यासक्रम, तारीख या रकान्यांचा? ग्रंथालयांच्या सूचीत एकाच नावाच्या दोन मराठी नोंदी संगणकाला वेगळ्या वाटतात, हा माझा रोजचा अनुभव आहे, म्हणून विचारतो.

मुळाकाठ

रकान्यांचा घेतो, कारण पीडीएफ पुन्हा जतन केली तरी तिचे बाइट बदलतात. आणि आपण ज्या ठिकाणी बोट ठेवले आहे तिथे मराठी प्रकल्पांनी विशेष थांबायला हवे.

‘कऱ्हाडकर’ हे आडनाव घ्या. त्यातील ‘ऱ’ एकाच युनिकोड वर्णाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन वर्णांनी. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण केले की ही दोन्ही रूपे एक होतात, त्यामुळे बरेच जण तेवढ्यावर थांबतात. परंतु तिसरी पद्धतही सर्रास चालते : साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो-विड्थ-जॉइनर. पडद्यावर तेच अक्षर उमटते, एनएफसी मात्र या रूपाला हात लावत नाही, आणि हॅश पूर्णपणे वेगळा येतो. बरे, अदृश्य वर्ण सरसकट काढून टाकावेत म्हटले तर ‘र’चा रफार होऊन आडनावच बदलते. म्हणून हॅश घेण्यापूर्वी ‘र, हलन्त, जॉइनर’ या क्रमाचे ‘ऱ, हलन्त’ असे रूपांतर करणारा नियम स्वतः लिहावा लागतो. ‘ॲ’चेही तसेच; तो एका वर्णाने लिहिला जातो आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिला जातो, आणि या दोहोंना एनएफसी एक मानत नाही. देवनागरी आणि रोमन अंक, शब्दांमधील दुहेरी मोकळी जागा, ओळीच्या शेवटी राहिलेली जागा हेही त्याच नियमावलीत येते.

क्यूआर कोड वाचला जातो तेव्हा हा प्रश्न येत नाही, कारण मूळ मजकूरच त्यात असतो. कोड घासला गेला किंवा झेरॉक्सवर अस्पष्ट आला की नाव हाताने टाइप करावे लागते, आणि त्या वेळी एकाच्या कळफलकावरून एक रूप येते, दुसऱ्याच्या फोनवरून दुसरे. ही नियमावली नोंदणीच्या आणि पडताळणीच्या दोन्ही दारांवर एकाच फाइलमधून यायला हवी आणि तिला आवृत्ती-क्रमांक हवा. उद्या नियम बदलला तर जुन्या तुकड्यांची प्रमाणपत्रे जुन्याच नियमाने तपासली गेली पाहिजेत.

तळजाई

नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम एवढ्यांचाच हॅश असेल तर तो अंदाजाने शोधता येतो. संभाव्य जन्मतारखा किती असणार? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेता साखळीवर काय जाते याची काळजी घ्यावी लागेल. तिथले काही पुसता येत नाही.

मुळाकाठ

अगदी बरोबर. जन्मतारीख आम्ही घेतच नाही. शिवाय प्रत्येक प्रमाणपत्रासाठी यादृच्छिक मीठ म्हणजे सॉल्ट तयार होतो, तो हॅशमध्ये मिसळला जातो आणि प्रमाणपत्रावर छापला जातो. साखळीवर तर तुकडीचे मर्कल मूळच जाते. त्यावरून कोणाचेही नाव शोधणे शक्य नाही. विद्यार्थ्याने आपली माहिती पुसण्याची मागणी केली तर संस्थेकडील नोंद आणि सॉल्ट पुसता येतो, आणि मग साखळीवर उरतो तो अर्थहीन आकडा.

क्यूआर कोडमध्ये ही सर्व माहिती वेबपत्त्याच्या ‘#’नंतरच्या फ्रॅगमेंट भागात ठेवली आहे. कोणी सूचना न पाळता कॅमेऱ्यानेच कोड उघडला तरी ब्राउझर तो भाग सर्व्हरकडे पाठवत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याचे नाव आमच्या लॉगमध्येही उतरत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सुरक्षाविषयक घटना ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. जपायचे लॉग वैयक्तिक माहितीपासून मुक्त असलेले बरे.

चाकणची वाट

नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूने काय अडचणी येतात, तेही लिहावे.

मुळाकाठ

सर्वांत मोठी अडचण प्रतीक्षेची. अधिकारी ‘नोंदवा’ दाबतो, वॉलेटमध्ये सही करतो, आणि काही क्षणांत काहीच घडले नाही असे वाटून पुन्हा दाबतो. म्हणून सही होताच बटण बंद होते, व्यवहाराचा हॅश ब्राउझरमध्ये साठवला जातो, आणि पान चुकून बंद झाले तरी पुन्हा उघडल्यावर तीच अवस्था दिसते. व्यवहार अडकला आणि अधिकाऱ्याने वॉलेटमधील ‘वेग वाढवा’ वापरले, तर त्याच नॉन्सवर (खात्याच्या व्यवहार-क्रमांकावर) नवा व्यवहार जातो आणि त्याचा हॅश वेगळा असतो. जुन्या हॅशची वाट पाहणारे पान मग अनंतकाळ फिरत राहते. आम्ही हॅशवर विसंबत नाही. कॉन्ट्रॅक्टलाच विचारतो की हे मर्कल मूळ नोंदले गेले का. ‘नोंदणी पूर्ण’ हे शब्दही व्यवहार ब्लॉकमध्ये (साखळीच्या नव्या कडीत) आल्याबरोबर दाखवत नाही. तो ब्लॉक साखळीने अंतिम ठरवल्यानंतरच दाखवतो, कारण त्याआधी शेवटच्या ब्लॉकांच्या पुनर्रचनेत तो बाहेर पडू शकतो.

बायबिटच्या प्रकरणातून घेतलेला नियम असा की ज्या संगणकावर सही होते त्याच्याच पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. मर्कल मूळ दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, वेगळ्या प्रोग्रामने काढले जाते. सही करताना हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या पडद्यावर ते मूळ कागदावरील छापील प्रतीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिले जाते, आणि प्राचार्य व परीक्षा विभागप्रमुख अशा दोघांच्या सह्यांशिवाय कॉन्ट्रॅक्ट नोंद स्वीकारत नाही. यात वेळ जातो. तुकडीचा निकाल वर्षातून मोजक्याच वेळा लागतो, तेव्हा तो वेळ द्यावा.

तळजाई

हे पान आयपीएफएस या विकेंद्रित फाइल-जाळ्यावर का ठेवले नाही? मजकुराचा पत्ता मजकुरावरूनच ठरत असल्याने गुपचूप बदल करता येत नाही.

मुळाकाठ

ठेवले आहे, पण मुख्य मार्ग म्हणून नाही. बदल केलेल्या प्रत्येक बांधणीला सीआयडी (मजकुरावरून ठरणारा तो पत्ता) बदलतो, तो लोकांपर्यंत पोहोचवायला शेवटी डोमेन किंवा ईएनएस (ब्लॉकचेनवर नोंदलेले) नाव लागतेच, आणि कोणीतरी फाइली पिन करून, म्हणजे कायम साठवून, ठेवल्या नाहीत तर त्या जाळ्यातून नाहीशा होतात. गेटवेमार्फत (आयपीएफएसची पाने साध्या ब्राउझरला देणाऱ्या सर्व्हरमार्फत) उघडले तर गेटवेवर विश्वास ठेवावा लागतो. पत्त्यातील मार्गाने चालणाऱ्या गेटवेवर सर्व पानांचे मूळ स्थान (ओरिजिन) एकच धरले जात असल्याने ब्राउझरमधील साठाही सामाईक होतो, म्हणून उपडोमेनने चालणारा गेटवेच वापरावा. ज्यांना प्रत तयार करायची आहे त्यांनी फाइलींचे पत्ते सापेक्ष ठेवावेत, मुळापासून (‘/’ने) सुरू होणारे पत्ते तिथे मोडतात. प्रत्येक आवृत्तीचा सीआयडी आम्ही कॉन्ट्रॅक्टमध्येच एका रकान्यात नोंदवतो, त्यामुळे अधिकृत पान कोणते होते, हे पुढेही ताडून पाहता येईल.

ग्रंथपाल

आपण किंवा आपले सहकारी उद्या या कामातून बाहेर पडलात तर संस्थेने काय जपून ठेवावे?

मुळाकाठ

डोमेनची नोंदणी संस्थेच्याच नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर असावी, विकसकाच्या वैयक्तिक खात्यावर नको. त्या खात्याला भौतिक सुरक्षा-किल्ली असावी आणि दुसरी किल्ली कार्यालयाच्या कपाटात. डोमेन हस्तांतराला कुलूप लावावे, कोणत्या संस्थेने टीएलएस प्रमाणपत्र (संकेतस्थळाची ओळख पटवणारे) द्यावे हे डोमेनच्या सीएए नोंदीत लिहावे, आणि आपल्या नावाने किंवा मिळत्याजुळत्या नावाने नवे टीएलएस प्रमाणपत्र निघाले तर सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या जाहीर नोंदींतून सूचना यावी, अशी व्यवस्था ठेवावी. नकली पडताळणी-पानाची पहिली चाहूल तिथेच लागते. पॅकेजांच्या आवृत्त्या लॉकफाइलने (नेमक्या आवृत्त्या नोंदणाऱ्या फाइलने) बांधलेल्या असाव्यात आणि बांधणी कोणाच्या लॅपटॉपवर न होता स्वच्छ यंत्रणेवर व्हावी, म्हणजे दोन माणसांनी स्वतंत्रपणे बांधले तरी फाइल तीच निघते. सह्यांच्या किल्ल्या व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या असाव्यात आणि पदभार देताना कॉन्ट्रॅक्टमधील पत्ता बदलण्याची पद्धत लेखी असावी.

नियमावलीची फाइल आणि सुटे पडताळणी-पान मी या आठवड्यात मुक्त परवान्यावर चढवतो. ‘ऱ’ आणि ‘ॲ’खेरीज दुहेरी रूपे असणारी आणखी अक्षरे आपल्या सूचीच्या कामात आढळली असतील, तर ग्रंथपाल, ती इथेच नोंदवावीत, पुढच्या आवृत्तीत घेतो.